घरचे अण्णा

प्रत्येक घरात एक मोठा माणूस होऊन गेलेला असतो. निदान त्या घराला तरी तसे वाटते. दिवाणखान्यात त्याची तसबीर असते, वर्षातून दोनदा तिला हार पडतो, आणि दिवाळीला मुलेबाळे एकत्र जमली म्हणजे त्याच्या गोष्टी निघतात. गोष्टी साधारण सगळ्या घरांत सारख्याच. लहानपणची गरिबी, वार लावून केलेले शिक्षण, पायी तुडवलेले मैल, पहिला पगार, आणि शेवटी "तशी माणसे आता होणे नाही" हे पालुपद. नातवंडांपैकी एखादे मोबाईलमध्ये डोके घालून बसलेले असते. त्याला दोन शब्द सुनावले जातात आणि कथा पुढे सरकते.

या गोष्टी ऐकताना मला नेहमी एक शंका येते. त्या सगळ्या जमेच्या बाजूच्या असतात. खर्चाचे पान कोणी वाचतच नाही. घरातला कर्ता पुरुष मोठा होत होता, त्या वेळी चुलीपाशी कोण बसले होते, महिन्याच्या वीस तारखेला डब्यात किती पीठ उरले होते, मुलांच्या फीचे काय झाले, याची नोंद नसते. लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. तर यंदा त्या निमित्ताने एका घराच्या वहीची दोन्ही पाने उघडून पाहावीत असे मनात आले.

घर माझे नव्हे, पण वाचकांपैकी कोणालाही ते परके वाटणार नाही. मी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घराविषयी बोलतो आहे. जगाने त्यांना महर्षी म्हटले. घरी ते अण्णा होते. मी त्यांना पाहिलेले नाही. माझी त्यांची ओळख पुस्तकांतली, आणि त्या बाबतीत आपण वाचक भाग्यवान आहोत. अण्णांनी स्वतःचे 'आत्मवृत्त' १९१५ साली लिहिले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे घरच्या बाया, यांनी 'माझे पुराण' लिहिले. सून इरावतीबाई यांनी 'आजोबा' हा लेख लिहिला. एकाच माणसाविषयी तो स्वतः, त्याची बायको आणि त्याची सून अशी तिघांची साक्ष असावी, हा योग फार थोड्या घरांच्या वाट्याला येतो.

आधी जमेचे पान वाचू. ते पाठ असले तरी वाचायला बरे वाटते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा. घर मुरुडचे. वयाच्या सतराव्या वर्षी सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचे म्हणून हा मुलगा कोकणातून घाट चढून साताऱ्याला चालत गेला. वाट शंभरावर मैलांची. तेथे पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि सांगितले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस! मूर्ती लहान, अंगकाठी किरकोळ, त्यात बोलणे भिडस्त. परीक्षेला न बसताच स्वारी परतली. एवढ्यावर दुसऱ्या कोणी शिक्षणाचा नाद सोडला असता. अण्णा मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. मग मुंबईत शाळांमधून शिकवणे आणि शिकवण्या. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बोलावले म्हणून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे अध्यापक झाले, आणि १९१४ पर्यंत तेथे राहिले.

याच काळात, स्वतःचे धड बस्तान बसले नसताना, अण्णांनी कोकणातला आपल्या नात्यातला एक हुशार मुलगा शिक्षणासाठी मुंबईला आणला. तो मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले रँग्लर परांजपे ते हेच. त्या रँग्लरांनीही पुढे दुसऱ्याची एक मुलगी आपल्या घरी वाढवली. ब्रह्मदेशात जन्मलेली ती मुलगी म्हणजे इरावती. ती लग्न होऊन आली ती अण्णांच्या घरी सून म्हणून. एका घराने केलेले उपकार दुसऱ्या घरातून असे सुनेच्या पावलांनी परत आले.

आता पान उलटू.

अण्णांचे पहिले लग्न लहानपणीच झाले होते. पत्नी राधाबाई. त्यांचा मुलगा रघुनाथ १८८२ सालचा. नवरा मुंबईत शिकतो आहे, शिकवतो आहे, पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्यांमागे धावतो आहे, अशा दिवसांत राधाबाईंनी संसार केला आणि १८९१ साली त्या वारल्या. अण्णांनी, बायांनी, इरावतीबाईंनी, सर्वांनी लिहिले. राधाबाईंनी काही लिहिले नाही. त्यांची वही कोरी राहिली. मोठ्या माणसाच्या पहिल्या धडपडीची सोबतीण बहुधा अशीच कोरी राहते. यश येते तेव्हा ती नसते.

अण्णा तेव्हा तेहतीस वर्षांचे. पदरी नऊ वर्षांचा मुलगा. त्या काळात विधुराला दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळे आणि कोणाला त्यात वावगे दिसत नसे. अण्णांनी ठरवले, लग्न केले तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई वयाच्या आठव्या वर्षी विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ती शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झाले आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. मुरुड गावाने ठराव करून अण्णांना वाळीत टाकले. मुलाने गावी यावे आणि आईने त्याला आपल्या घरात घेऊ नये, असली ती शिक्षा. गावाच्या रागाची झळ अशी नेहमी म्हाताऱ्या आईलाच पहिल्यांदा बसते.

एवढे सोसून मिळवलेल्या संसारात तरी दोघे सुखाने बसली असतील म्हणावे, तर तेही नाही. १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकवून पायावर उभे करायचे हा हेतू. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. एक झोपडी, चार भिंती म्हणण्यासारख्याही नाहीत. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाचे सामानसुमान घेऊन चार मैल चिखल तुडवीत हिंगण्याला जायचे, तेथे शिकवायचे, आणि पहाटे पुन्हा शहरात परतायचे. आश्रमाच्या इतिहासात ही पायपीट सोन्याच्या अक्षरांनी लिहिली आहे, आणि ती तशी लिहिण्याजोगी आहेच.

पण गृहिणी वाचकांना मी एक विचारतो. या साऱ्या काळात शहरातल्या बिऱ्हाडात काय चालले असेल? मुले लहान. नवरा घरी येतो तो झोपेपुरता, कधी तेवढाही नाही. आणि एके दिवशी कळते की हातची शिल्लक आश्रमाला गेली, विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे झाली. विमा म्हणजे नवऱ्याच्या पश्चात बायकामुलांचा आधार. एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला त्या कागदाची किंमत आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. बायांना ते सहजी पचले नाही, आणि न पचल्याचे त्यांनी लपवलेही नाही.

याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. आश्रम विधवांचा. तेथे मुलगी पाठवली तर तिचे लग्न लावून देतील, ही भीती घरोघर होती. म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवली. त्यात दूर ठेवायची पहिली व्यक्ती ठरली ती घरचीच, कारण बाया पुनर्विवाहित! कितीतरी काळ त्यांना आश्रमाबाहेर राहावे लागले. त्यांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात शिकली, शिकवू लागली, त्याचा आधारस्तंभ झाली, पुढे १९१८ साली आश्रमासाठी पैसा उभारायला अमेरिकेपर्यंत जाऊन आली. पार्वतीबाई विधवा होत्या, म्हणून त्यांना आत जागा होती. बाया विधवा राहिल्या नव्हत्या, म्हणून त्या बाहेर. ज्या कामासाठी आपले घर रिकामे झाले त्याच कामाच्या दारात आपल्याला उभे राहता येऊ नये, या दुःखाला नाव काय द्यायचे? तरी याच बाया आश्रमासाठी वर्गणी मागत दारोदार हिंडल्या.

अण्णांची बाजू मला समजते. एका बाईचे मन राखायला गेलो तर शंभर मुली घरात कोंडल्या जातील, हा त्यांचा हिशेब. गणिताच्या प्राध्यापकाचा हिशेब. तो बरोबरही होता. मुली आल्या, शिकल्या. पण त्या गणितात जी एक बाजूला ठेवली गेली, ती प्रत्येक वेळी घरचीच होती, एवढे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे.

पुढची जमा तर डोळे दिपवणारी. साधारणपणे माणूस छप्पन्नाव्या वर्षी नोकरीतून मोकळा झाला की सकाळचे फिरणे आणि संध्याकाळचा कट्टा धरतो. अण्णा १९१४ साली मोकळे झाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ साली राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतातही तसे विद्यापीठ हवे असे सांगितले, आणि १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते काढलेही. शिक्षण मातृभाषेतून. पहिल्या वर्षीच्या विद्यार्थिनी बोटांवर मोजाव्या इतक्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला लाभले. एकाहत्तराव्या वर्षी, मार्च १९२९ मध्ये, अण्णा जगाच्या दौऱ्यावर निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट, मग अमेरिका आणि जपान. १९३० च्या एप्रिलअखेर परत आले आणि त्याच डिसेंबरात आफ्रिकेला गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ साली, समता संघ. एका आयुष्यात किती माणसे राहून गेली, असे वाटावे.

आणि मुले? चार मुलगे. चौघांच्या चार तऱ्हा.

थोरले रघुनाथराव, राधाबाईंचे. गणिताचे प्राध्यापक, विचाराने कट्टर बुद्धिवादी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ज्या काळात तो शब्दही चारचौघांत कोणी उच्चारीत नसे. त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक जवळजवळ एकट्याने चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, त्यांतल्या एकात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. बापाला लोकांनी उशिरा का होईना डोक्यावर घेतले. मुलाच्या वाट्याला ते सुख हयातीत आले नाही. २००१ साली अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला तेव्हा कोठे पुष्कळ घरांना त्यांचे नाव कळले.

दुसरे शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेले. तिसरे दिनकरराव रसायनशास्त्रज्ञ, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. धाकट्या भास्कररावांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. वडिलांच्या मागे त्यांच्याच वाटेने चालणारा चौघांत हा एक. बाकीच्या तिघांनी आपापली वाट काढली.

या घरातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. १९२८ साली सून इरावती हिने मानवशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जायचे ठरवले. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या सासऱ्यांना आनंद व्हावा की नाही? अण्णांना हा बेत पसंत नव्हता! दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले. ते पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. कर्ज काढले, इरावतीबाई बर्लिनला गेल्या, डॉक्टरेट घेऊन १९३० साली परतल्या. पुढे त्या किती मोठ्या झाल्या हे सांगायला नको. 'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ते पुस्तक आजही घरोघर वाचले जाते.

मला या प्रसंगात अण्णांच्या नापसंतीपेक्षा त्यानंतर काय झाले ते अधिक मोलाचे वाटते. काहीच झाले नाही. घर दुभंगले नाही. सासऱ्यांनी अबोला धरला नाही, मुलाला वेगळे निघायला सांगितले नाही. आपल्याला पटत नाही हे सांगितले आणि ते तेथेच संपले. त्या काळी कर्त्या पुरुषाचा शब्द म्हणजे घरचा कायदा. अण्णांनी समाजाशी अर्धशतक झुंज घेतली, पण घरात हुकूम चालवला नाही. मुलगा देव मानीत नाही, मानू नको. मुलगा ज्या विषयाचे मासिक काढतो त्याने समाज खवळतो, खवळू दे. सून परदेशी जाते, जाऊ दे. घराकडे त्यांचे लक्ष कमी होते ही तक्रार खरी, आणि त्या कमी लक्षातूनच घरात प्रत्येकाला वाढायला मोकळी हवा मिळाली हेही तितकेच खरे. एकाच नाण्याचा खणखणाट बायांच्या कानांना एक ऐकू आला आणि मुलांच्या कानांना दुसरा.

आता वहीतले शेवटचे कलम. बायांचे 'माझे पुराण' छापून निघाले १९४४ साली. ते धाकट्या सुनेने, कावेरीबाईंनी, संपादून दिले. अण्णा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे, हयात, महाराष्ट्राला वंदनीय. आणि त्यांच्याच घरातून, त्यांच्याच सुनेच्या हातून, त्यांच्या बायकोची पैशाची ओढाताण, तिचा राग, तिची खंत, सारे शाईत उतरून लोकांपुढे आले. इरावतीबाईंनीही सासऱ्यांविषयी लिहिले ते त्यांच्या हयातीतच, आणि सासूबाईंची बाजू झाकून ठेवली नाही. आपल्यापैकी किती घरांतल्या आजोबांनी हे चालू दिले असते? घरचे धुणे अंगणात वाळत घालायचे नसते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. अण्णांनी ते वाळू दिले. माझ्या मते भारतरत्नाइतकाच हा मान मोठा आहे, आणि तो त्यांना कोणी दिलेला नाही, त्यांनी तो स्वतः मिळवला.

बाया १९५० साली गेल्या. त्यानंतर अण्णांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभरी पुरी झाली त्या वर्षी, भारतरत्न मिळाले. सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. ते पाहायला बाया नव्हत्या. १९६२ ची दिवाळी आटोपून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ९ नोव्हेंबरला एकशे चार वर्षांचे अण्णा गेले. हिंगण्याच्या माळाचे आज कर्वेनगर झाले आहे. तेथे आता इमारतींना जागा पुरत नाही, आणि जेथे एक झोपडी होती तेथे हजारो मुली शिकतात. वसंत कानेटकरांनी बायांना डोळ्यांपुढे ठेवून 'हिमालयाची सावली' हे नाटक लिहिले ते १९७२ साली. हिमालयाकडे सगळेच पाहतात. सावलीत कोण उभे होते ते पाहायला इतकी वर्षे जावी लागली.

दोन्ही पाने वाचून झाल्यावर अण्णा लहान झाले काय? मला तसे वाटत नाही. उलट ते तसबिरीतून खाली उतरून माणसात आले. नुसत्या जमेवर रचलेला आजोबा नातवंडांना खरा वाटत नाही, म्हणून तर ती मोबाईलमध्ये डोके घालतात. आजोबांचा हट्ट, आजीचा राग, काकांचे वेगळे निघणे, आत्याचे राहून गेलेले शिक्षण हेही सांगितले तर कदाचित ती मान वर करतील.

यंदा घरात कोणी आजोबांच्या आठवणी लिहायला बसणार असेल, तर त्याने वहीची दोन पाने आखावीत. डावीकडचे पान भराभर भरेल. उजवीकडच्यासाठी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारावे, आणि ती सांगेल तसे, एकही शब्द न गाळता, लिहून घ्यावे.